तिसऱ्या फोटोतले दामूकाका

दामूकाका, तुम्हाला कोट घातला नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निर्धास्त व्हाल.

घालणार होते. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचे मेहुणे तुमचं आधार कार्ड खिशात घालून स्टुडिओ शोधायला निघाले होते. गोडदेवच्या गल्लीतला तुमचा स्टुडिओ बंद, म्हणून दुसऱ्या कुणाकडे तरी. आधार कार्डावरचा चेहरा कापायचा, त्याला काळा कोट आणि लाल टाय जोडायचा, मागे निळा रंग भरायचा आणि दहाव्याला फ्रेम भिंतीवर लावायची. माणूस गेला की आपल्याकडे असाच फोटो करून घेतात, हे मला तुमच्याच कॉम्प्युटरवर कळलं होतं. तुमच्याकडे 'कोट' नावाचं फोल्डरच होतं. जन्मभर लुंगी नेसलेल्या कुणाच्या तरी आजोबांना त्यातला एखादा कोट चढवताना तुम्ही पुटपुटायचात, "माफ करा हां बाबा. पोरांची हौस आहे."

काकूंनी मेहुण्यांना दारातच अडवलं. "जन्मात कोट घातला न्हाय त्यांनी. आता घालणार हायत का?"

"मग दुसरा फोटो दे," मेहुणे म्हणाले.

दुसरा फोटो नव्हता. अख्ख्या गोडदेवचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. लग्नातला होता, पण त्यातला मिशा पिळलेला मुलगा काकूंनाच परका वाटला. मग त्यांनी मला फोन केला. "तुझ्याकडं असंल बघ. तू असायचीस ना त्यांच्यासंगती दर रविवारी."

माझ्याकडे होता. पण त्या फोटोतून मी तुम्हाला पुसून टाकलं होतं. ते कसं, आणि त्यानंतर मी काय केलं, हे तुमच्यासमोर बोलायचं राहून गेलं. म्हणून हे लिहितेय. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आमच्याकडे कुणी कुणाला असं लिहीत नाही, त्यामुळे कसं लिहायचं हे विचारायलाही कुणी नाही. चुकलं तर हसा.

आपली ओळख पासपोर्ट फोटोमुळे झाली. कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर चिकटवायला फोटो हवा होता. मी स्टुलावर ताठ बसले होते आणि तुम्ही कॅमेऱ्यामागून म्हणालात, "हनुवटी थोडी वर. एवढी खाली नको. कॉलेजला चाललीस की कोर्टात?" मी हसले आणि तेवढ्यात तुम्ही फोटो काढलात. प्रिंट कापता कापता विचारलंत, "काय शिकणार?"

"मास मीडिया."

"म्हणजे काय करतात?"

मलाही नीट माहीत नव्हतं. "फोटोग्राफी पण असते त्यात," मी म्हणाले.

"कॅमेरा आहे?"

"नाही."

तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "रविवारी ये. मी फ्लॅटचे फोटो काढायला जातो. नुसतं बघ." घरी सांगितल्यावर आई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली, काकूंशी अर्धा तास बोलली आणि मगच हो म्हणाली. मी तुम्हाला एकदा सर म्हणाले, तर तुम्ही दचकून मागे बघितलंत. "सर कोण आलं? मी दहावी पण नाही गं." तेव्हापासून तुम्ही माझ्यासाठी काका, आणि मी तुमच्यासाठी 'कॉलेज'. माझं खरं नाव तुम्ही कधी घेतलंत का, ते मला आठवत नाही.

मोबाईल आल्यापासून स्टुडिओत फारसं कुणी येत नव्हतं. नव्या टॉवरमधले विकायचे फ्लॅट हेच तुमचं मुख्य काम झालं होतं. पहिल्याच रविवारी तुम्ही मला एका रिकाम्या हॉलमध्ये उभं केलंत आणि विचारलंत, "काय दिसतं?"

"खिडकी. बाहेर खाडी. इकडे भिंत, कोपऱ्यात कपाट."

"सगळं दिसतं ना? आता यात बघ." तुम्ही मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवलात. खाडी सुरेख, खोली काळी कुट्ट. मग दुसरा. कपाट स्पष्ट आणि खिडकीच्या जागी पांढरा फटक चौकोन. "डोळ्याला दोन्ही जमतं. या बिचाऱ्याला नाही जमत. म्हणून त्याला तीनदा बघायला लावायचं."

एकाच जागेवरून, कॅमेरा तसूभरही न हलवता, तीन फोटो. पहिला अगदी कमी वेळाचा, त्यात खिडकीबाहेरचं धरायचं. दुसरा मधला, भिंतींसाठी. तिसरा सगळ्यात जास्त वेळाचा, अंधाऱ्या कोपऱ्यासाठी. नंतर तिन्ही एकत्र जोडून एक करायचा. कॉलेजमध्ये पुढे मला कळलं की याला ब्रॅकेटिंग म्हणतात आणि जोडून तयार होतो त्या फोटोला एचडीआर. तुम्ही त्याला 'तिनाचा फोटो' म्हणायचात. आधी पंखा बंद, मग पडद्यांना कपड्यांचे चिमटे, मग घरात कुणी असेल तर हुकूम, "दोन मिनिटं कोणी चालायचं नाही." आणि प्रत्येक क्लिकला मोठ्याने नाव घ्यायचात. "बाहेरचा." क्लिक. "आतला." क्लिक. "कोपऱ्याचा." तिसऱ्याला शटर उघडं राहायचं, तेवढा वेळ तुम्ही स्वतःही श्वास धरून असायचात.

मी पहिल्यांदा स्वतः तिनाचा फोटो काढला तो नवघरच्या एका फ्लॅटमध्ये, आणि तो वाया घालवला. तीन वेगवेगळे उजेड हवेत म्हणून मी लेन्सचं भोक कमी-जास्त केलं. कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक ठेवले तर जुळेनातच. एकात खिडकीची जाळी रेखीव, दुसऱ्यात धुरकट. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही ओरडला नाहीत. मालकाकडून पुन्हा किल्ली आणलीत, मला पुन्हा चार मजले चढवलंत आणि कॅमेऱ्यामागे उभं करून म्हणालात, "भोकाला हात लावायचा नाही, कॉलेज. भोक बदललं की नजरच बदलते. बदलायचा तो फक्त वेळ."

जोडण्याबद्दल आपलं कधी पटलं नाही. मी म्हणायचे, काका, मोबाईल हे सगळं एका सेकंदात करतो, सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे, तुम्ही दीड तास कशाला घासत बसता? तुम्ही तिन्ही फोटो एकावर एक ठेवायचात आणि माउसने हळूहळू वरचा पुसून खालचा दाखवायचात. "तीन चादरी आहेत असं समज. जिथं खालची हवी तिथं वरची सारायची. बटणाला काय कळतं, कुठली कुठं सारायची?" शिवाय कोपरा तुम्ही पूर्ण उजळायचा नाहीत. त्यावरून तुमचं जिग्नेशभाई ब्रोकरशीही वाजायचं.

"काका, किचन में थोडा लाइट डालो ना. गुफा लगता है."

"गुफा है तो गुफाच दिखेगा ना, भाई. कल पार्टी आके देखेगी तो मेरे को नहीं, तुमको बोलेगी."

जिग्नेशभाई कपाळाला हात लावायचे, पण दुसऱ्या कुणाला बोलवायचे नाहीत. मी मात्र वाद सोडायचे नाही. डोळ्याला कोपरा दिसतो, मग फोटोत का दाबायचा? तुम्ही म्हणायचात, "डोळा एकदम नाही बघत. आधी खिडकी बघतो, मग सरावला की कोपरा. तो सरावायचा वेळ फोटोत राहिला पाहिजे." मला तेव्हा हे नुसतं हट्टाचं वाटायचं. आता अर्धं पटतं. अर्धंच.

आणि दुसरा वाद. मी म्हणायचे, रिकाम्या खोल्या किती दिवस काढायच्या, माणूस ठेवून तिनाचा फोटो काढू. तुम्ही साफ नाही म्हणायचात. "माणूस असला की तिनाचा काढायचा नाही. माणूस हलतो."

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मला फोटो हवा होता, तेव्हा तुम्ही मला उत्तनला तुमच्या बहिणीच्या घरी नेलंत. पार्वतीआत्यांची आतली खोली इतकी अंधारी की जमिनीवर बसलेली मांजर मला आधी दिसलीच नाही. आणि समोर उघडं दार. दारापलीकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, त्यांच्यामागे होड्या, त्यामागे दुपारचा समुद्र, बघवत नाही इतका लख्ख. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आता बोल. एका फोटोत मावेल हे?"

मी कॅमेरा लावला. पण समुद्राचा वारा दार सारखं ढकलत होता. विटेला जुमानलं नाही, पाट लावला तो सरकला. शेवटी तुम्ही स्वतःच आतून जाऊन दाराची फळी धरून उभे राहिलात. "घे. मला नंतर काढून टाक."

मी तुमच्यासारखंच मोठ्याने म्हटलं, "बाहेरचा." क्लिक. वेळ बदलला. "आतला." तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आत्या म्हणाल्या, "ए दादा, बहिणीच्या घरी आलास तो दारच धरून राहशील, का बसशील बी? च्या थंड झाला." तुम्ही तिकडे मान वळवलीत. क्लिक. "कोपऱ्याचा," मी म्हणाले. आत्या म्हणाल्या, "बाईमाणूस हुकूम सोडतंय आन हा उभा! वहिनीला सांगते थांब." आणि तुम्ही हसायला लागलात. शटर उघडं होतं.

मग दोन दिवस बसून मी तुम्हाला पुसलं. फळीचा वरचा तुकडा घेऊन तुमच्या हातावर लावला, भिंतीचा रंग तुमच्या शर्टावर. तुम्हीच शेजारी बसून दाखवत होतात. "पंजा राहिलाय बघ. बक्षीस पंजाला नाही देणार ते." शेवटी दार आपोआप उघडं राहिल्यासारखं दिसायला लागलं. मला फार अभिमान वाटला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी तुम्ही स्टुडिओ बंद ठेवून आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. भिंतीपाशी मागे उभे राहिलात, कुणाच्या मध्ये यायला नको म्हणून. माझ्या शेजारच्या मुलींकडे स्वतःचे कॅमेरे होते. त्यांनी मुंबईतल्या कुठल्या कुठल्या वर्कशॉपची नावं सांगितली. मग प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे माझ्या फोटोपुढे थांबले. बराच वेळ बघत राहिले. "दाराच्या आतलंही दिसतंय आणि बाहेरचंही. छान. कुणाकडे शिकलीस?"

तुम्ही सात-आठ पावलांवर होतात.

"सेल्फ टॉट, सर," मी म्हणाले. "यूट्यूबवरून."

का म्हणाले, याचं एक उत्तर मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही. गोडदेवचा पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ, हे त्या हॉलमध्ये म्हणायची मला लाज वाटली. बाकीची कारणं मी नंतर तयार केली.

परतताना बस स्टॉपवर तुम्ही म्हणालात, "काय कॉलेज, आपलं चॅनेल कधी सुरू झालं?" आणि हसलात. मीही हसले. तिथेच सांगता आलं असतं. पण तुम्ही लगेच विषय बदललात, "कोपरा जास्त उजळलास बरं का," आणि मी सुटल्यासारखी वाद घालायला लागले. घरी आईने विचारलं, "त्यांच्या पाया पडलीस का सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, "खूप गर्दी होती."

त्यानंतर परीक्षा आहे म्हणून मी रविवारी यायची थांबले. परीक्षेमुळे दोनच रविवार जात होते. मी पाच रविवार आले नाही. तुमचा एकदा मेसेज आला होता, "नवघरला थ्री बीएचके आहे. खिडकी मोठी आहे. ये." मी अंगठा पाठवला. सहाव्या रविवारी तुमच्या घरी आले तेव्हा चपला इतक्या होत्या की माझ्या कुठे काढायच्या ते कळेना.

काकूंनी स्टुडिओची किल्ली दिली. दहाव्याला चार दिवस होते. तुमच्या खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही, म्हणून माझं नेहमीचं स्टूल ओढलं. उत्तनचे तिन्ही मूळ फोटो तिथेच होते. पहिल्यात बोंबील, होड्या, समुद्र सगळं मोजून घ्यावं इतकं स्वच्छ, आणि दारापाशी तुमची नुसती काळी आकृती. दुसऱ्यात तुम्ही आत्यांकडे वळलेले. तिसऱ्यात बाहेरचं सगळं पांढरं, आणि अंधारातून तुमचा चेहरा वर आलेला. हसणारा.

मी आधी बटणच दाबलं, काका. खोटं कशाला सांगू? तीन चेहरे एकमेकांत मिसळून आले, आरपार दिसणारे. मग सॉफ्टवेअरला सांगितलं की हललेलं दुरुस्त कर. त्याने मधला फोटो पक्का धरला आणि मला एकसंध, सुबक चित्र दिलं. त्यात तुमचा एक कान होता आणि मागचे केस. मी त्या स्टुलावर एकटीच हसले, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं.

मग तीन चादरी घेतल्या. समुद्र पहिल्यातून, भिंत दुसऱ्यातून, तुम्ही तिसऱ्यातून. तुमच्या केसांच्या कडेला मागून उजेड येतो, तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन दुपारी मी तेच करत होते. शटर उघडं असताना तुम्ही हसलात म्हणून चेहरा किंचित हललेला आहे, दात नीट मोजता येत नाहीत. गिऱ्हाइकाचा असता तर तुम्ही असा फोटो दिला नसता. कोपरा मी उजळला नाही. मांजर आहे तिथे, पण शोधावी लागते.

प्रिंट बघून मेहुणे म्हणाले, "हा हललाय. आणि हसतायत चक्क. हार घातलेला माणूस असा हसतो होय?"

"हा हसतो," काकू म्हणाल्या, आणि खिळा कुठे ठोकायचा ते दाखवलं.

दहावं आटोपून माणसं पांगल्यावर मी काकूंना प्रदर्शनातलं सगळं सांगितलं. पाहुण्यांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, तुम्ही कुठे उभे होतात. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हायत हाय मला. घरी येऊन सांगितलं त्यांनी. मला विचारत व्हते, यूट्यूबवर चढायला काय लागतं गं? मंग जेवताना म्हणाले, घाबरली पोरगी. एवढी मोठी लोकं व्हती समोर."

मी म्हटलं, "काकू, मी चुकले."

"मला काय सांगतेस?" त्यांनी हातानेच भिंतीकडे दाखवलं. "त्यांना सांग."

तेव्हा सांगता आलं नाही. खोलीत त्या होत्या, मेहुणे होते. आज सांगते. दामूकाका, मला तुम्ही शिकवलंत. खिडकी कशी धरायची, वेळ कसा बदलायचा, पंखा आधी बंद करायचा, सगळं. यूट्यूबवर मी एकदा बघितलं होतं, ते खरं आहे. पण तो माणूस फार भरभर बोलत होता.

कॉलेजच्या पॅसेजमध्ये माझा फोटो अजून लावलेला होता, माणूस नसलेला, आपोआप उघडं राहिलेलं दार. काल मॅडमना विचारून तो उतरवला आणि तुमचा लावला. खालच्या पट्टीवर माझ्या नावाखाली एक ओळ वाढवली, "शिकवलं दामूकाकांनी, गोडदेव." मॅडमनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं. थोडं अडखळत, पण पुढून जाणाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

एक गोष्ट मात्र काकूंनाही सांगितलेली नाही. माणूस असला की तिनाचा फोटो काढायचा नाही, माणूस हलतो, असं तुम्ही म्हणायचात. ते मला अजून मान्य नाही. जोडण्याआधी तिन्ही फोटो मी एकावर एक ठेवले आणि मोठे करून बघितले. मान हलली आहे, खांदा हलला आहे, चेहरा तर तिन्हीत तीन ठिकाणी आहे. आत्या बोलावत होत्या, चहा थंड होत होता, बाहेरून वारा फळी ढकलत होता. दारावरचा तुमचा हात तिन्ही फोटोंत जिथल्या तिथे आहे.